फवारणीमास्तरची सही

११ फेब्रुवारी

ताई,

चष्मा मिळाला का ते कळव. आठ दिवसांपूर्वी पार्सल केला आहे.

तुझे कान गेल्यापासून मला ही शिक्षा झाली आहे. फोनवर दोन मिनिटांत उरकलं असतं ते लिहीत बसावं लागतं. तर वाच. हिच्या धाकट्या भावाने माझं नाक कापलं. मीच शब्द टाकून त्याला काचघरात फवारणीवर लावून घेतला होता. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, हातमोजे कुठे आहेत. दुसऱ्या दिवशी मास्क. आमची बारा माणसं वर्षानुवर्षं गुलाबांवर औषध मारतात, कोणी कधी विचारलं नव्हतं. पोरं त्याला नाजूकराव म्हणायला लागली. नाव मीच ठेवलं, खरं सांगायचं तर.

काल चार नंबरच्या काचघरात माव्याची कीड पडली होती. सकाळी सातला सगळे आत गेलो. अकराच्या सुमारास नाजूकराव दोन ओळींच्या मध्ये झुलायला लागले. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, जीभ जड. काय घेतलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, दाजी, नीट दिसत नाही. डोळे उघडून बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाची कातडी आतून कोणी टिचक्या माराव्यात तशी उडत होती. मग ओकला, आणि पुढचं लिहीत नाही, पण पँट टाकून द्यावी लागली. बाकीचे हसले. मला हसायची सोय नव्हती, माझा मेहुणा.

पंपाच्या खोलीत बसवला, दूध पाजलं, संध्याकाळी घरी आणला. ऑफिसने कागद पुढे केला, कामावर दारू पिऊन आला म्हणून. मी सही केली. वीस वर्षं मी हे औषध अंगावर घेतो आहे. मिश्रण जमलं की नाही ते बोट बुडवून जिभेला लावून सांगतो. मला काय झालं? हा सहा आठवड्यांत लोळला. ज्याला एवढी भीती त्याने फुलं दुकानातून विकत घ्यावीत.

आता घरी पडून आहे. ही माझ्याशी बोलत नाही.

तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

मास्तर,

चष्मा मिळाला, आणि त्यातून पहिलं वाचलं ते तुझं पत्र. दुकानदाराकडे पैसे परत माग.

तीस वर्षं मी वॉर्डात काढली. दारुडे मला चालण्यावरून ओळखता येतात. दारुड्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होत नाहीत. घाम, लाळ, डोळ्यांचं पाणी, उलटी आणि खालचंही, असे सगळे नळ एकदम सुटले की ती दारू नसते. तुला समजेल असं सांगते. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो. काम झालं की तो निरोप पुसावा लागतो, आणि पुसायला शरीरात एक द्रव्य असतं. तुमचं औषध त्या पुसणाऱ्याचेच हात धरून ठेवतं. मग निरोप तसाच राहतो आणि एकच हुकूम चालू राहतो, गाळ, आवळ, फडफड. शेवटी स्नायू दमून पडतो. छातीचाही. मावा असाच मरतो. मावा कोण आणि मेहुणा कोण हे औषधाला कळत नाही. ते मास्तराला कळावं अशी अपेक्षा असते.

तुझं पत्र काल मिळालं. लगेच खालच्या शिंप्याकडून तुझ्या ऑफिसात फोन करवला. मास्तर आत आहेत, निरोप देऊ, असं म्हणाले. निरोप असा होता: त्याला उशीवरून मान उचलता येते का बघा. येत नसेल तर पायात चपला न घालता मोठ्या दवाखान्यात न्या. पहिला झटका ओसरला की घरचे निर्धास्त होतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मान जाते, मग श्वास.

मला तीन गोष्टी सांग. अंगातला शर्ट कधी काढला. अंग साबणाने धुतलं का. तोंडाला दारूचा वास आला होता का. उत्तरं दे, भाषण नको.

आणि दूध वासरांना पाज.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप मिळाला. कारकून म्हणाला, तुमच्या बहिणीचा फोन होता, उशीचं काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं चष्म्याच्या बदल्यात उशी पाठवतेस.

तोवर तसंही होऊन गेलं होतं. तेराला सकाळी ही चहा घेऊन गेली तर त्याला डोकं उचलेना. बोलत होता, डोळे फिरवत होता, पण डोकं उशीत रुतलेलं. अर्ध्या तासात श्वास पोटातून ओढायला लागला. मी कामावर होतो. हिने रस्त्यावर उभं राहून टेम्पो थांबवला. दवाखान्यात घशात नळी घालून यंत्रावर ठेवला. नऊ दिवस यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. काल नळी काढली. जगला आहे, तेव्हा शिकवणी आता बंद कर.

तिथला डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं. मला विचारतो, हा काय फवारत होता? मी म्हटलं, तो दारू पिऊन आला होता, तसा कागद आहे. त्याने तसं लिहून घेतलं.

तुझी उत्तरं. शर्ट संध्याकाळी घरी काढला. ओला होता, कारण पाठीवरचा पंप गळत होता. गळका पंप नव्या माणसाला जातो. पहिल्या वर्षी मलाही तोच मिळाला होता. रीत आहे. अंग धुतलं नाही, कारण तो कुडकुडत होता. कुडकुडणाऱ्या माणसावर पाणी ओततात का तुमच्या वॉर्डात? वासाचं म्हणशील तर त्या खोलीत औषधाचाच इतका वास होता की बाकी कसला कळणार.

आणि माझी काळजी करत असशील तर करू नकोस. कंपनी वर्षातून दोनदा आमचं रक्त काढून नेते. काही असतं तर सांगितलं नसतं का?

चष्मा मिळाला का ते कळव.

भाऊ


२७ फेब्रुवारी

मास्तर,

चष्मा मिळाला. हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तू त्यावर वरच्या परिच्छेदात विनोद केलास आणि खाली येईपर्यंत विसरलास. तुझ्या बायकोला विचार, हल्ली तू एकच गोष्ट किती वेळा विचारतोस. विचारायची हिंमत होणार नाही, म्हणून लिहिते आहे. रक्त काढून नेतात म्हणतोस. आकडा कधी बघितलास? बोकडाचंही वजन करतात, त्याला कोणी सांगत नाही.

गळका पंप ही रीत म्हणे. चोरांच्यातही रीती असतात, त्या ते असं छाती पुढे काढून लिहून कळवत नाहीत.

त्या पोरग्या डॉक्टरने तुला विचारलं काय फवारत होता, म्हणजे त्याला कळलं होतं. त्याला फक्त एक माणूस हवा होता जो नाव सांगेल. तू त्याला दारू सांगितलीस. आता त्या माणसाच्या केसपेपरवर ती कायमची बसली. उद्या काही झालं तर सगळे तेच पान उघडतील.

आणि उद्या होणार आहे. या विषाचा तिसरा हप्ता असतो. दोन-तीन आठवडे सगळं ठीक दिसतं. मग पोटऱ्यांत मुंग्या येतात, मग पावलं पडतात. लक्ष ठेव. आजच दवाखान्यात जा आणि औषधाच्या डब्यावरचं नाव लिहून दे. दारूचं खोटं होतं म्हणून सांग.

अजून एक. तो कुडकुडत होता, असं तू लिहिलंस. मग तू काय केलंस ते लिहिलं नाहीस. तू रांगत होतास तेव्हापासून मी तुला ओळखते. समोर माणूस कुडकुडत असताना नुसता बसून राहणाऱ्यातला तू नाहीस. काय केलंस?

ताई


६ मार्च

ताई,

मी तुमची भावजय. तुमची पत्रं मी वाचते. हे ती साखरेच्या डब्यामागे ठेवतात आणि मला दिसत नाहीत असं समजतात.

माझा भाऊ घरी आला तेव्हा स्वतःच्या पायांनी चढून आला. चार दिवसांनी पोटऱ्यांत मुंग्या यायला लागल्या. आता पावलं वर होत नाहीत. गुडघे उंच उचलून, पाय आपटत चालतो. चप्पल मागे राहते आणि त्याला पत्ता नसतो. जिना बसून उतरतो. डॉक्टरांनी पाय बघितले आणि म्हणाले, मला हे विषाचं वाटतं, पण पेपरवर दारू आहे, आणि दारूनेही पाय असेच जातात. कंपनीने तेवढंच धरलं. त्याला कामावरून काढलं. मी कामगार मंडळाकडे अर्ज केला आहे. तीस मार्चला बोलावलं आहे. विष ठरलं तर त्याचे उपचार होतील, पावलं उचलून धरणारे पट्टे मिळतील, बसून करायचं काम द्यावं लागेल. दारू ठरली तर तो अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात बसून राहील. तो दारूला शिवत नाही. आमचे वडील काय होते ते पाहून मोठा झालेला मुलगा आहे.

तुम्ही विचारलंत यांनी काय केलं. यांनी आपलं जाकीट त्याला घातलं. ओल्या शर्टावरून. गळ्यापर्यंत बटणं लावली. संध्याकाळपर्यंत तो त्यात होता. ते जाकीट हंगाम संपेपर्यंत धुवायचं नाही असं यांच्यात आहे. जितकं कडक तितका माणूस जुना, जितका जुना तितका मान. मी ते घरात येऊ देत नाही, बाहेर दोरीवर टांगते. त्याच्यावर माशी बसत नाही.

यांनी वाईट हेतूने घातलं नाही. ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. ते फक्त यांना माहीत नाही.

तुम्ही भावंडं एकमेकांना शहाणपणाने झोडपता, तोवर मी इथे पाय चोळते. तुमचं पत्र आलं की हे चिडतात, आणि चिडले की त्या सहीवर आणखी घट्ट बसतात. टोमणे मारू नका. किंवा मारा, पण उपयोगाचे मारा.

तुमची भावजय


१० मार्च

मास्तर,

मला वाटत होतं तू ऑफिसला घाबरून सही केलीस. मी तुला कमी लेखत होते. तुझा भित्रेपणा त्याहून मोठ्या अंगाचा आहे. तो दारू प्यायलेला असला तर जाकीट म्हणजे नुसतं जाकीट राहतं, दाजीने मायेने घातलेलं. प्यायलेला नसला तर त्यात विष होतं आणि बटणं तू लावलीस. म्हणून तो दारुडा. एवढा साधा हिशेब आहे, आणि तो चुकू नये म्हणून तू त्याचे पाय द्यायला तयार आहेस.

तुझी बायको म्हणते उपयोगाचं लिहा. तर हे वाच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वॉर्डात एक माणूस आला. घामाने निथळत होता, दात वाजत होते. मी त्याला त्याच्या कपड्यांसकट दोन ब्लँकेटात गुंडाळलं आणि कडा गादीखाली खोचल्या. मला कोणी शिकवलं नव्हतं. कपड्यांना वास होता तो मी रॉकेलचा समजले. चार तासांनी त्याची खाट रिकामी झाली. का गेला ते मला पुढच्या वर्षी एका पुस्तकात कळलं. वहीत आम्ही हृदय बंद पडलं असं लिहिलं होतं. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. मी ती ओळ बदलली नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी प्रत्येक नव्या नर्सला पहिल्या दिवशी कात्री दिली आणि सांगितलं, आधी कपडे काप. लोक मला हुशार म्हणायचे.

तेव्हा तुझा मला राग येत नाही. किळस येते, आणि ती माझ्या ओळखीची आहे.

माझा माणूस मेला होता. तुझा जिवंत आहे. तीस तारखेला जा.

ताई


१८ मार्च

ताई,

ही गोष्ट तू मला पस्तीस वर्षं सांगितली नाहीस, आणि मला शहाणपण शिकवत होतीस.

दारूचा वास आला नव्हता. हे तुला लिहून देतो. मंडळात सांगणार नाही. बारा माणसं तिथे बाकावर बसणार. वीस वर्षं मी त्यांना सांगत आलो की औषध भित्र्याला चढतं. त्यांनी हातमोजे मागितले नाहीत ते माझ्याकडे बघून. आता मी उभा राहून सांगू, की बाबांनो, ते चुकलंच होतं? आणि सांगितलं तरी त्याचे पाय वर होणार आहेत का?

तो कपाटाला धरून उभा राहायचा प्रयत्न करतो. मी खोलीत आलो की खाली बसतो. मला वाटायचं माझ्या रागाने बसतो. काल हिला म्हणताना ऐकलं, दाजींना बघवत नाही.

मी शेवटचं बटण लावलं तेव्हा तो म्हणाला होता, दाजी, बरं वाटतंय. हल्ली मला पंपाची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, पोरांची नावं जिभेवर येऊन परत जातात. हे तेवढं जात नाही.

आता चष्म्याचं विचारणार होतो, पण ही मागे उभी आहे.

भाऊ


३१ मार्च

ताई,

काल गेलो होतो. आदल्या दिवसापर्यंत जाणार नव्हतो. सकाळी हिने त्याला बूट घातले आणि दोरीने घोट्यांना बांधले, ते बघितलं आणि मागोमाग गेलो.

मंडळ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. तीन टेबलं, एक पंखा, अधिकारी बाईंना सर्दी झालेली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. तो प्यायला नव्हता. गळका पंप मी दिला. शर्ट काढला नाही. माझं जाकीट वरून घातलं. डब्यावरचं नाव हे. बाईंनी विचारलं, मग दारूच्या कागदावर सही का केली? मी म्हटलं, “तो दारूने पडला असता तर मी त्याला काही केलं नसतं.” बाकावरच्या आमच्या पोरांकडे मी बघितलं नाही.

मग कंपनीचा वकील उठला. फार गोड बोलणारा माणूस. मला बसायला खुर्ची दिली. मास्तर, आज तारीख किती? मी एकोणतीस म्हणालो. तीस होती. काल दुपारी काय जेवलात? आठवेना. तुमच्या हाताखालच्या बारा माणसांची नावं सांगा. समोर बसले होते, ताई, तोंडं दिसत होती. नऊ सांगितली. नऊमध्ये एक दोनदा आलं. कोणी हसलं नाही, त्यापेक्षा हसले असते तर बरं.

वकिलाने एक फाइल काढली. म्हणाला, या साक्षीदाराच्या शब्दावर विसंबता येणार नाही. कंपनीकडे याच्या सहा वर्षांच्या रक्ततपासण्या आहेत. ते तुझं पुसणारं द्रव्य माझ्यात आधी निम्म्यावर होतं, आता पाव उरलं आहे. अशा माणसाची स्मरणशक्ती आणि बुद्धी शाबूत राहत नाही, असं कंपनीच्या डॉक्टरने दर वर्षी लिहून ठेवलं आहे. हे त्याने मोठ्याने वाचलं. सहाच्या सहा वर्षांचं.

बाईंनी फाइल मागून घेतली. बराच वेळ पानं उलटली. नाक पुसलं. मग विचारलं, “हे मास्तरही दारू पितात का?”

वकील म्हणाला, छे, मास्तर निर्व्यसनी आहेत. एवढं एक खरं बोलला.

“मग यांच्या रक्तात हे कशाने झालं?”

वकिलाने पाणी मागितलं. मी पुढचं ऐकलं नाही. मी उठून बाहेर आलो. चारचौघांत मला बिनडोक ठरवलं, तेही कागद वाचून, आणि मी तिथे बसून शोभा बघायची? वीस वर्षं जिभेवर घेऊन मिश्रण सांगितलं त्याचं हे बक्षीस. त्यांना सहा वर्षांपूर्वी माहीत होतं. सहा वर्षं मला सकाळी हसून विचारत होते, काय मास्तर, कसं काय.

पुढचं हिने बाहेर येऊन सांगितलं. बाईंनी फाइल स्वतःकडे ठेवून घेतली. केसपेपरवरची दारू खोडायला सांगितली. विष ठरलं. पट्टे, उपचार, बसून करायचं काम, सगळं लिहून दिलं. बाकीच्या बारा जणांच्या रक्ताचे कागद आठ दिवसांत आणून द्या म्हणाल्या. आमची पोरं त्या खोलीतून निघेनात. प्रत्येक जण वकिलाला घेरून आपला आकडा विचारत होता. मी हिला म्हटलं, तुम्ही जिंकलात, मी फायलीत सापडलो. ही म्हणाली, सापडलात ते बरं झालं.

जिन्यावर तो आणि मी राहिलो. त्याला खांदा देणार होतो, पण पहिल्याच पायरीवर माझं पाऊल कुठे पडलं ते मला कळलं नाही. खाली बघावं लागलं. गेल्या वर्षापासून असं होतं. चपला सैल झाल्या असं समजून मी दोन जोड बदलले. मग दोघांनी एकाच कठड्याला धरलं. तो पुढे, पाय उंच उचलून, मी मागे. मध्येच थांबला आणि मागे न बघता म्हणाला, दाजी, इथली पायरी फुटकी आहे, सांभाळून. काही टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. नव्हता मारला.

आज कामावर गेलो नाही. मंगळवारी त्याच पोरग्या डॉक्टरकडे जायचं आहे, दोघांनी. तू येणार असशील तर ये. पण येताना तुझी जीभ घेऊन ये. इथे कालपासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले आहेत.

भाऊ